एका काताची दहा वर्षे

मुंबई-पुण्यात शाळेच्या पटांगणावर किंवा गृहसंस्थेच्या सभागृहात संध्याकाळी भरणारा कराटेचा वर्ग पाहिला, तर एक दृश्य हमखास दिसते. पांढऱ्या पोशाखातील मुले रांगेत उभी राहतात. समोर कोणीही नसताना हात खाली आणून न दिसणारा प्रहार अडवतात, एक पाऊल पुढे टाकून ठोसा मारतात, गर्रकन वळतात आणि पुन्हा तेच करतात. ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिशांना, ठरलेल्या संख्येने करावयाच्या या हालचालींच्या मालिकेला काता असे म्हणतात. पट्ट्याचा रंग बदलायचा तर परीक्षेत काता करून दाखवावाच लागतो. कोपऱ्यात बसलेल्या पालकांच्या मनात मात्र एक शंका असते. ही कवायत घोकून प्रत्यक्ष प्रसंगी मुलाला स्वतःचे रक्षण करता येईल काय?

ही शंका नवी नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी टोकियोतील विद्यापीठांच्या तरुण विद्यार्थ्यांनी ती आपल्या गुरूसमोर मांडली होती. नुसत्या काताचा त्यांना कंटाळा आला होता, त्यांना लढत हवी होती. गुरू मात्र आपल्या म्हणण्यावरून हटले नाहीत. प्रसंगी शिष्य गमावले, पण काताचे स्थान कमी होऊ दिले नाही. त्या गुरूंचे नाव गिचिन फुनाकोशी. आधुनिक कराटेचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी आयुष्य वेचले, तिचे मर्म त्यांच्या चरित्रातूनच नीट उलगडते.

फुनाकोशी यांचा जन्म १८६८ च्या नोव्हेंबर महिन्यात ओकिनावा बेटावरील शुरी या गावी झाला. जपानच्या नैऋत्येला पसरलेल्या रयुक्यू बेटांपैकी हे सर्वांत मोठे बेट. येथे शतकानुशतके स्वतंत्र राज्य नांदत होते आणि शुरी ही त्याची राजधानी होती. १६०९ मध्ये सात्सुमाच्या जपानी सरदारांनी हे राज्य जिंकले, तरी राजाची गादी कायम राहिली. १८७९ मध्ये मात्र जपान सरकारने ते खालसा केले आणि ओकिनावा हा जपानचा एक प्रांत झाला. त्या वेळी फुनाकोशी अवघ्या दहा वर्षांचे होते. राजदरबाराच्या आश्रयावर जगणारी घराणी एका रात्रीत निराधार झाली. फुनाकोशींचे घराणेही त्याच दरबारी वर्गातले, पण कनिष्ठ पायरीवरचे. सुबत्ता अशी नव्हतीच.

अपुऱ्या दिवसांचे जन्मलेले हे मूल फार दिवस जगेल, अशी कोणाला आशा नव्हती. आईच्या माहेरी आजी-आजोबांनी त्याला वाढवले. आजोबांनी कन्फ्युशियसच्या परंपरेतील चिनी ग्रंथ पढवले आणि अक्षर वळणदार करून घेतले. मुलगा हुशार निघाला. त्याला वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे होते. वयाच्या अटीत बसावे म्हणून त्याने आपले जन्मवर्ष १८७० असे लावून घेतल्याचे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. तथापि अडचण निघाली ती वेगळीच. नव्या सरकारने जुन्या पद्धतीचा केसांचा बुचडा त्याज्य ठरवला होता आणि फुनाकोशींच्या घरी तो कुलाभिमानाचा विषय होता. बुचडा ठेवणाऱ्यांना वैद्यकीय विद्यालयाची दारे बंद होती. घरच्यांचे मन मोडवेना, म्हणून वैद्य होण्याचा विचार सुटला. पुढे १८८८ मध्ये शाळेत साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली, तेव्हा मात्र त्यांनी बुचडा कापला. तो बिनबुचड्याचा मुलगा पाहून आईवडिलांना संताप आवरला नाही. जुने किती जपायचे आणि कोठे सोडायचे, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात असा तरुणपणीच उभा राहिला. तो अखेरपर्यंत सुटला नाही.

या प्रकृतीने दुबळ्या मुलाच्या वर्गमित्रांत आंको अझातो या नामांकित सरदाराचा मुलगा होता. अझातो हे घोडेस्वारी, धनुर्विद्या आणि तलवारबाजीत निष्णात होते. बेटावर ज्या निःशस्त्र युद्धकलेला नुसते हात असे म्हणत, तिच्यातही त्यांची गणना श्रेष्ठांत होई. फुनाकोशी त्यांच्याकडे शिकू लागले. ही विद्या तेव्हा उघडपणे शिकवली जात नसे. रात्र झाली की हातात कंदील घेऊन फुनाकोशी गुरूंच्या घरची वाट धरीत. मागील अंगणात एकच काता सुरू होई. गुरू समोर बसून पाहत. शिष्य शेवटच्या हालचालीपर्यंत आला की पुन्हा करण्याची आज्ञा होई. समजावून सांगणे नाही, शाबासकी तर नाहीच. रात्रींमागून रात्री, आठवड्यांमागून आठवडे, कधी कधी महिनेच्या महिने तोच एक काता घोटला जाई. गुरूंचे समाधान झाल्याखेरीज पुढचा मिळत नसे. या आवर्तनांनी आपण किती थकलो, किती वैतागलो आणि कित्येकदा किती अपमानित झालो, हे फुनाकोशींनी उतारवयात मोकळेपणाने लिहिले आहे. पहाट होता होता ते घरी परतत. रोज रात्रभर बाहेर राहणाऱ्या या तरुणाविषयी शेजारीपाजारी नाना तर्क करीत, पण गुप्ततेचा दंडक असल्याने खुलासा करता येत नसे.

अझातोंचे जिवलग मित्र आंको इतोसु हे फुनाकोशींचे दुसरे गुरू. त्यांच्याकडे तेक्की या नावाने पुढे ओळखले गेलेले तीन काता शिकण्यात फुनाकोशींची दहा वर्षे गेली. हे काता पाहणाऱ्याला अगदीच साधे वाटतात. घोड्यावर बसल्याप्रमाणे पाय फाकवून, गुडघे वाकवून पवित्रा घ्यायचा आणि एका सरळ रेषेत डावी-उजवीकडे सरकायचे, एवढेच. त्यात उडी नाही, उंच लाथ नाही, डोळ्यांत भरावे असे काही नाही. त्या दहा वर्षांत फुनाकोशी काय शिकले? पवित्रा कसा स्थिर ठेवावा, कमरेतून जोर कसा काढावा, श्वास आणि प्रहार यांचा मेळ कसा घालावा, हे तर शिकलेच. पण मन कंटाळले असताना शरीराला तेवढ्याच निष्ठेने कामाला कसे लावावे, हेही ते शिकले. एकदा बेटावर तुफान वादळ झाले असता हा तरुण घराच्या छपरावर चढला, चटईचा ढालीसारखा आडोसा धरला आणि याच पवित्र्यात वाऱ्याशी झुंजत राहिला. वाऱ्याने खाली फेकले की पुन्हा वर चढे.

काताचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. या कलेचे ग्रंथ नव्हते, शाळा नव्हत्या, नियम नव्हते. जे काही ज्ञान होते ते गुरूच्या देहात होते आणि ते दुसऱ्या देहात उतरवण्याचे साधन म्हणजे काता. आपल्याकडील संगीताचे उदाहरण घ्यायचे, तर बंदिशीत जसे रागाचे चलन सामावलेले असते, तसे काताच्या प्रत्येक वळणात एखादी पकड सोडवणे, प्रहार चुकवणे, सांधा मुरगळणे अशी युक्ती साठवलेली असते. ज्याला अर्थ उमगला नाही, त्यानेही काता जसाच्या तसा पुढे दिला तर अर्थ शाबूत राहतो. पुढच्या पिढीतील एखाद्याला तो सापडू शकतो. ज्याने आपल्या सोयीने हालचाल बदलली, त्याच्यापाशी मात्र तो धागा कायमचा तुटतो. म्हणूनच एका काताला तीन वर्षे असा जुना हिशेब होता. नामांकित जाणकारालाही तीन, फार तर पाच काता येत.

इतोसुंनी या बंद दालनाचे दार उघडले. १९०१ च्या सुमारास त्यांनी ओकिनावातील शाळांत या विद्येचा प्रवेश घडवून आणला. मुलांसाठी जुने काता अवघड आणि धोकादायक होते, म्हणून त्यांनी पिनान नावाचे पाच सोपे काता रचले. शिष्याला एकट्याला अंगणात उभे करून घोटून घेतलेली विद्या आता शंभर मुलांनी एका सुरात करण्याची कवायत झाली. काही गमावले, काही मिळवले. फुनाकोशी स्वतः शाळामास्तर होते, त्यामुळे या दोन्ही बाजू त्यांना आतून ठाऊक होत्या. त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ शिक्षकाचे काम केले. पदोन्नती होऊन दूरच्या भागात जाण्याची संधी आली, तेव्हा गुरूंचा सहवास सुटेल म्हणून ती नाकारली. मास्तरकीच्या तुटपुंज्या पगारात मोठ्या कुटुंबाचे भागत नसे. त्यांची पत्नी भाजीपाला पिकवून आणि रात्री मागावर कापड विणून संसाराला हातभार लावी. नवऱ्याने नोकरीत वर जावे, असा हट्ट तिने धरला नाही.

१९२१ च्या मार्चमध्ये युवराज हिरोहितो युरोपच्या दौऱ्यावर जाताना ओकिनावात उतरले. शुरीच्या किल्ल्यात त्यांच्यासमोर या कलेचे प्रात्यक्षिक झाले आणि त्याचे नेतृत्व फुनाकोशींकडे होते. पुढच्याच वर्षी शिक्षण मंत्रालयाने टोकियोत पहिले राष्ट्रीय क्रीडा प्रदर्शन भरवले. ओकिनावाच्या कलेचा परिचय करून देण्यासाठी फुनाकोशींची निवड झाली. त्यांनी पवित्र्यांची छायाचित्रे मोठ्या पटांवर लावून सोबत नेली. जुदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोडोकान या संस्थेत पाचारण केले. तेथे फुनाकोशींनी कुशान्कू हा दीर्घ काता करून दाखवला आणि टोकियोत शिकणाऱ्या शिन्किन गिमा या ओकिनावी विद्यार्थ्याने नाइहान्ची हा काता सादर केला. जपानच्या राजधानीतील जाणकारांना कराटेची ओळख झाली ती अशी, लढतीतून नव्हे तर काताच्या रूपाने.

प्रदर्शन आटोपून ते परतणार होते. परंतु कोसुगी होआन या चित्रकाराने आपल्या मंडळीस शिकवावे असा आग्रह धरला, आणखी आमंत्रणे आली आणि मुक्काम लांबत गेला. आज जगभरातील शोतोकान विद्यार्थ्यांच्या छातीवर दिसणारा वाघ याच कोसुगींच्या कुंचल्यातून उतरलेला आहे. फुनाकोशींचे वय तेव्हा त्रेपन्न होते. या वयात माणसे निवृत्तीचा विचार करतात. यांनी परक्या शहरात नव्याने संसार मांडायचा ठरवला आणि पत्नीला बोलावले. तिने नम्रपणे नकार दिला. ओकिनावात पूर्वजांच्या स्मृतिस्थळांची पूजाअर्चा हे घरच्या स्त्रीचे कर्तव्य, ते सोडून ती येणार नव्हती. त्याने आपले काम करावे, तिने तिचे. ही ताटातूट वीस वर्षांहून अधिक काळ टिकली. कराटेचा इतिहास लिहिताना या बाईंचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः काता जपण्यासाठी फुनाकोशी जेवढे निष्ठावान होते, तेवढीच ती आपल्या विधींच्या बाबतीत होती.

टोकियोतील सुरुवातीची वर्षे हलाखीची होती. ओकिनावी विद्यार्थ्यांच्या मेइसेइ जुकु या वसतिगृहात प्रवेशद्वाराजवळची एक लहान खोली त्यांना मिळाली. विद्यार्थी बाहेर गेले की तेथील सभागृहात ते शिकवीत. शिष्य थोडेच होते आणि खोलीचे भाडे द्यायचे होते. म्हणून हे प्रौढ शिक्षक तेथेच पहारेकरी, झाडूवाला आणि माळी यांची कामे करू लागले. जेवणाच्या खर्चात सवलत मिळावी म्हणून त्यांनी तेथील आचाऱ्याला कराटे शिकवले. एकदा जुनी टोपी आणि ओकिनावात विणलेला किमोनो गहाण टाकण्याची वेळ आली. पेढीवरच्या कारकुनाने अपेक्षेपेक्षा बरीच मोठी रक्कम हाती ठेवली. त्याचा धाकटा भाऊ आपला विद्यार्थी असल्याचे फुनाकोशींना नंतर कळले.

याच काळात त्यांनी लेखणी हाती घेतली. १९२२ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक निघाले. १९२३ च्या सप्टेंबरातील भीषण भूकंपात त्याचे छापील ठसे नष्ट झाले, म्हणून १९२५ मध्ये सुधारित ग्रंथ निघाला. १९३५ मध्ये ‘कराटे-दो क्योहान’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या शिकवणीचा गाभा म्हणजे पंधरा काता. देहातून देहात जाणारी विद्या आता कागदावर उतरली. केइओ विद्यापीठाने १९२४ मध्ये कराटेचे मंडळ काढले, मग इतर विद्यापीठांनीही. त्याच वर्षी फुनाकोशींनी जुदोच्या धर्तीवर प्रथमच काळ्या पट्ट्याच्या श्रेणी प्रदान केल्या. पांढरा पोशाखही जुदोवरूनच आला.

येथेच त्यांच्या चरित्रातील एक विसंगती नजरेत भरते. काता जसाच्या तसा करावा असे सांगणाऱ्या या गुरूने स्वतः काय केले? त्यांनी काताची नावे बदलली. पिनानचा झाला हेइआन, नाइहान्चीचा तेक्की, कुशान्कूचा कान्कू, चिंतोचा गान्काकू. पाच हेइआनांपैकी पहिल्या दोघांची अदलाबदल केली, कारण दुसरा नवशिक्याला सोपा होता. खुद्द कलेच्या नावातील पहिले अक्षरही त्यांनी पालटले. कारा या उच्चाराचे जुने अक्षर चीनवाचक होते. त्याऐवजी त्याच उच्चाराचे पण रिकामा, शून्य या अर्थाचे अक्षर त्यांनी रूढ केले आणि चिनी हात म्हणून लिहिली जाणारी कला रिकाम्या हाताची कला झाली. ओकिनावातील अनेकांना हे रुचले नाही. चीनशी युद्धाच्या उंबरठ्यावर असलेल्या जपानात चिनी नाव अडचणीचे होते, हा व्यवहार त्यामागे होताच. हातात शस्त्र नाही आणि मनात विकार नाही, असा तात्त्विक अर्थही त्यांना अभिप्रेत होता. अखेर १९३६ मध्ये नाहा शहरात भरलेल्या ओकिनावी गुरूंच्या बैठकीत नवे अक्षर मान्य झाले. बुचडा कापणाऱ्या तरुणाचेच हे प्रौढ रूप होते. बाहेरचे बदलू द्यावे, आतले धरून ठेवावे, असा त्यांचा विवेक दिसतो. पण बाहेरचे कोठे संपते आणि आतले कोठे सुरू होते, याविषयी इतरांचे मत वेगळे असू शकत होते. तसे ते होतेही.

विद्यापीठांतील शिष्य तरुण, रक्ताने गरम. जुदो आणि केंदो या कलांत प्रत्यक्ष झुंज चाले, मग कराटेतच का नाही, असा त्यांचा सवाल. टोकियो इम्पीरियल विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी अंगावर संरक्षक कवच चढवून मुक्त लढती सुरू केल्या. फुनाकोशींना हे मुळीच पटले नाही. १९२० चे दशक संपता संपता त्यांनी त्या मंडळाचे गुरुपद सोडले. हिरोनोरी ओत्सुका हे आणखी एक ज्येष्ठ शिष्य वेगळे झाले आणि त्यांनी वादो-रयू ही आपली पद्धत स्थापली.

ओकिनावातून आलेले चोकी मोतोबु तर फुनाकोशींचे कडवे टीकाकारच होते. ते खरेखुरे लढवय्ये. त्यांनी क्योतो येथे एका परदेशी मुष्टियोद्ध्याला लोळवले, त्याचा वृत्तांत १९२५ मध्ये ‘किंगु’ या लोकप्रिय मासिकाने छापला. गंमत अशी की सोबतच्या चित्रांत मोतोबुंऐवजी फुनाकोशींचा चेहरा काढलेला होता. मोतोबु संतापले यात नवल नाही. फुनाकोशींचा कराटे दिखाऊ आहे, असा त्यांचा आक्षेप होता. परंतु हा आक्षेप घेणारे मोतोबु आयुष्यभर कशाचा अभ्यास करीत होते? मुख्यतः नाइहान्ची या एकाच काताचा, म्हणजे ज्यात फुनाकोशींची दहा वर्षे गेली त्याच तेक्कीचा. प्रत्येक हालचालीचा लढतीत काय उपयोग, हे ते जोडीदारासोबत पडताळून पाहत. काता हवा की नको, असा हा वाद नव्हताच. काताशी प्रामाणिक कसे राहावे, हा खरा प्रश्न होता.

घरातही हा प्रश्न शिरला. धाकटा मुलगा योशिताका वडिलांकडे टोकियोत आला आणि त्यांचा प्रमुख सहकारी झाला. त्याने पवित्रे खोल केले, लाथांचे नवे प्रकार आणले, जोडीने करावयाच्या झुंजीचे सराव वाढवले. आज ज्याला शोतोकान म्हणतात त्या पद्धतीचा लांब, जोरकस बाज बऱ्याच अंशी योशिताकाचा आहे. वडिलांना सर्व काही पसंत नव्हते, पण त्यांनी मुलाला अडवले नाही. झुंजीचे सराव ठरलेल्या क्रमाने आणि संयमाने व्हावेत एवढेच पाहिले. बापलेकांनी मिळून तायक्योकु नावाचे अतिशय सोपे काताही रचले. त्यांत नवखा आणि म्हातारा दोघांनाही सारखाच आनंद मिळावा, अशी फुनाकोशींची धारणा होती.

फुनाकोशींनी शिष्यांसाठी वीस सूत्रे लिहून ठेवली. त्यांपैकी एकात त्यांनी काताविषयीची आपली भूमिका नेमकी मांडली आहे. काता अचूक करावा, प्रत्यक्ष लढाई ही मात्र वेगळी बाब असते, असा त्या सूत्राचा आशय आहे. शंका घेणाऱ्या पालकांना आणि विद्यार्थ्यांना हे उत्तर अनपेक्षित वाटेल. काता म्हणजे लढाईची रंगीत तालीम, असा दावा फुनाकोशींनी केलाच नाही. लढाईत काहीही घडू शकते आणि तिथे ठरीव क्रम चालत नाही, हे ते जाणून होते. काताने तयार व्हायचे ते लढाईत उतरणारे माणूस. दुसरे एक सूत्र असे की कराटेत पहिला वार आपला नसतो. फुनाकोशींनी शिकवलेल्या काताची सुरुवातही प्रहाराने होत नाही. ती बहुधा अडवणुकीने, नाहीतर शांत पवित्र्याने होते. जी शिकवण हजारो वेळा देहाने गिरवली, ती रागाच्या क्षणी कामी येईल, या विश्वासावर त्यांची सारी साधना उभी होती.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिष्यांनी वर्गणी काढून टोकियोच्या झोशिगाया भागात स्वतंत्र दोजो बांधला. फुनाकोशी शोतो या टोपणनावाने कविता करीत. शुरीजवळच्या टेकडीवर पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज, असा त्या नावाचा संदर्भ. शोतोचे घर ते शोतोकान, असे दोजोचे नाव पडले. परंतु हे सुख अल्पकाळचे ठरले. महायुद्ध सुरू झाले. आज शिकून गेलेला विद्यार्थी उद्या आघाडीवर मरण पावल्याची वार्ता येई. १९४५ च्या हवाई हल्ल्यांत शोतोकान बेचिराख झाले. त्याच वर्षी क्षयाने पोखरलेला योशिताका चाळिशीच्या आतच वारला. ओकिनावाच्या लढाईत शुरीचा प्राचीन किल्ला आणि भोवतालचे गाव जमीनदोस्त झाले. ज्या अंगणात कंदिलाच्या उजेडात काता घोटला, त्याचा मागमूसही उरला नाही.

पत्नी ओकिनावातून निर्वासित म्हणून क्यूशूतील ओइता येथे आली होती. फुनाकोशी तेथे गेले आणि वीस वर्षांनंतर दोघे पुन्हा एका छपराखाली राहू लागले. अन्नधान्याची टंचाई होती. परसात भाजी लावून ते दिवस काढीत. हा सहवासही दोनच वर्षांचा ठरला. १९४७ मध्ये पत्नीचे निधन झाले. तिच्या अस्थी घेऊन ऐंशीच्या उंबरठ्यावरचे फुनाकोशी टोकियोला परतले.

या हलाखीच्या वर्षांत एका रात्री त्यांना एका लुटारूने गाठले. त्याने वार करताच ते खाली वाकले आणि त्यांनी त्याला मर्मस्थानी असे पकडले की तो जागचा हलू शकला नाही. पोलीस शिपाई येताच त्यांनी त्याला त्याच्या हवाली केले. कोणालाही या पराक्रमाचा अभिमान वाटला असता, फुनाकोशींना मात्र लाज वाटली. तो बिचारा युद्धातून परतलेला, भुकेने चोरीला लागलेला असावा आणि आपण आयुष्यभर जे करू नये असे शिकवले तेच करून बसलो, ही खंत त्यांनी नोंदवून ठेवली आहे.

१९४९ मध्ये जपान कराटे असोसिएशनची स्थापना झाली आणि वृद्ध फुनाकोशी तिचे सन्माननीय प्रमुख झाले. त्यांच्या शिष्यांकडून अमेरिकी सैनिक कराटे शिकू लागले आणि ही कला जगभर निघाली. १९५६ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात त्यांनी एक गोष्ट निरागसपणे मान्य केली. शाळकरी मुले आज जो कराटे करतात तो दहा वर्षांपूर्वीचा नाही आणि आपण बालपणी शिकलो त्याच्यापासून तर तो फारच दूर आहे. काळ बदलतो, तशा युद्धकलाही बदलणारच. या कबुलीत कटुता नाही. मात्र अगदी अखेरपर्यंत ते रोज सकाळी काता करीत राहिले.

२६ एप्रिल १९५७ रोजी वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीचे यजमानपद कोणाकडे असावे, यावरून शिष्यांत वाद झाला आणि तट पडले. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत जपान कराटे असोसिएशनने पहिली अखिल जपान स्पर्धा भरवली. ज्या मुक्त लढतींना फुनाकोशींनी विरोध केला, त्या आता मैदानात गुण मोजून खेळल्या जाऊ लागल्या. त्याच स्पर्धेत काताचाही वेगळा विभाग होता. काता टिकला, पण त्यालाही गुण लागले.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ च्या ऑगस्टमध्ये, कराटे प्रथमच खेळला गेला. पुरुषांच्या काता प्रकाराचे सुवर्णपदक र्यो कियुना या ओकिनावाच्या सुपुत्राने पटकावले. तो फुनाकोशींच्या परंपरेतला नव्हे, त्याच बेटावरच्या दुसऱ्या परंपरेतला. जी कला गुरूंच्या अंगणात रात्री लपूनछपून शिकावी लागे, ती साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली. रिकाम्या मंचावर एक माणूस, समोर प्रतिस्पर्धी नाही, आणि तरीही पाहणाऱ्याचा श्वास रोखला जावा, एवढी त्या ठरीव हालचालींची ताकद होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र कराटेला स्थान मिळाले नाही.

फुनाकोशी असते तर या पदकाने सुखावले असते की खिन्न झाले असते, हा तर्क व्यर्थ आहे. त्यांच्या लेखी काता जिंकण्यासाठी नव्हताच. राज्य गेले, गाव गेले, दोजो गेला, मुलगा आणि पत्नी गेली. एका माणसाकडून काळ जे जे हिरावून घेऊ शकतो, ते सारे त्याने घेतले. पण पंचवीस-तीस वर्षांच्या वयात देहात मुरवलेले तेक्कीचे ते तीन काता कोणाला काढून घेता आले नाहीत. म्हणून संध्याकाळच्या वर्गात मूल हवेत तोच ठोसा शंभराव्यांदा मारताना दिसले, तर त्यातून मारामारी केव्हा येईल, असे विचारण्याची घाई करू नये. कंटाळा आला असतानाही ते पुढचे पाऊल नीट टाकते आहे की नाही, एवढेच पाहावे. अझातोंनी कंदिलाच्या उजेडात बसून तेवढेच पाहिले होते.